जीप भरेपर्यंत

प्रिय बा,

नाही, आता तू ऐकून घे. सकाळी मी बोलत होते आणि तू अर्ध्यातच जीपमध्ये चढलास. वर ढवळूला म्हणालास, “चल रे, हिचा पाठ संपायचा नाय.” ढवळू हसला, जीपमधली सगळी हसली, तूही हसलास. मी फाट्यावर तोंड उघडं टाकून उभी. पण जीप गेली म्हणून भांडण संपत नाही. म्हणून हे कागदावर. तोंडाने बोलले की तू पहिल्या वाक्यालाच हात वर करतोस. वाचायला बसलास की मात्र अक्षराखाली बोट धरून, ओठ हलवत, शेवटपर्यंत जातोस. औषधाच्या बाटलीवरचा कारखान्याचा पत्तासुद्धा सोडत नाहीस. तर वाच. जव्हारच्या स्टँडवर जीप भरायला वेळ लागतोच. कुठे अडलास तर रंजना बाईंना विचार, त्या तिथेच शेडमध्ये असतील. ढवळूला विचारू नकोस, तो आख्ख्या स्टँडला ऐकवेल.

मी ओहोळाअलीकडच्या टेकाडावर, शाळेच्या ओट्यावर बसलेय. ढवळू तुला सोडून परत आलाय, त्याची जीप समोर फाट्यावर उभी आहे. भरली की हा कागद त्याच्या हातात द्यायचा, म्हणजे ती भरेपर्यंतच मला वेळ. आत्ता तिच्यात वरच्या पाड्यावरची एक म्हातारी कोंबडीचं डालगं मांडीवर घेऊन बसलीये, बाकी रिकामी. पाऊस सकाळपासून उघडलाय. तुला उघाड बरी वाटली असेल. मला नाही वाटत. पाऊस पडत असतो तेव्हा त्याच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नाही, आता सगळं ऐकू येतं. दर दोन ओळींनी मी मान वर करून ओहोळापलीकडे बघतेय. डोंगराच्या पायाशी आपला टेपाचा पाडा, आपली कौलं, काळ्याच्या घरातून निघणारा धूर. धूर सरळ वर चाललाय. सरळ चाललाय म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी मनाला सांगतेय. धुराचा आणि डोंगराचा काय संबंध? काहीच नाही. भ्यालेलं माणूस कशालाही धरून बसतं.

तू काल म्हणालास, “तासभर ऐकून आली नि डोंगराला शहाणपण शिकवते.” खरंय, तासभरच ऐकलंय. पण बा, ही तासभर ऐकायची खोड मला कोणी लावली? रंजना बाई आश्रमशाळेतून रिटायर झाल्या आणि बाजाराच्या दिवशी स्टँडवर येऊन बसायला लागल्या. त्यांना दिसलं की सगळी माणसं पिशव्यांवर बसून जीप भरायची वाट बघतात, आणि वाट बघताना कोणी काही करत नाही. मग त्यांनी त्या पडक्या शेडमध्ये सतरंजी टाकली, एक फळा टांगला आणि त्यावर लिहिलं ‘जीप भरेपर्यंत’. एक दिवस, एक विषय, एक बोलणारा. हॉर्न वाजला की संपलं, वाक्य अर्धं राहिलं तरी. तू पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा म्हणालास, “फुकटचा ग्यान, फुकटची सतरंजी.” आणि दोन बाजारांनंतर मी बघितलं तर तू पहिल्या रांगेत. नाग चावला तर काय बांधायचं नाही. बँकेतून बोलतोय म्हणणारा चोर कसा ओळखायचा. ग्रहण. मधमाशी. वनपट्ट्याचा दावा. अँब्युलन्सवाला येऊन पडलेल्या माणसाला उचलायचं कसं ते दाखवून गेला, तर तू घरी येऊन आयलाच आडवं पाडून उचललंस, ती किंचाळली. मूत्रपिंडाच्या दिवशी तू दोन बटाटे आणि एक गाळणं घेऊन तिला चुलीपुढे शिकवत बसलास आणि ती म्हणाली, “ते बटाटे दे इकडे, कालवणात टाकायचे हायेत.” मी नाशिकचं शिक्षण अर्धं टाकून आले तेव्हा सगळ्यांनी तोंडं वाकडी केली होती, तू फक्त म्हणालास, “जाऊ दे, बाजारात ये माझ्यासंगं.” मी फळा लिहायला लागले, सतरंज्या झटकायला लागले. तुझ्यामुळेच.

माझ्या गोष्टी मात्र तुला कधी पटल्या नाहीत. मी वाचून दाखवल्या की तू शेवटी म्हणायचास, “हिला तोंड हाय, पोट हाय, पण शेपूट कुठाय?” मी म्हणायचे, बा, हल्ली गोष्टीला शेपूट नसतं. तू म्हणायचास, “मग ती उडी मारल्यावर पडंल की.” खूप हसले होते मी तेव्हा. हे लक्षात ठेव, मला पुढे लागणार आहे.

आणि तुझी पाळी? नियमच होता, ऐकणाऱ्याने कधीतरी बोलायचं. तू आधी ताप आल्याचं सांगितलंस, मग म्हैस हरवल्याचं. आपल्याकडे म्हैस नाही. रंजना बाई म्हणाल्या, “असू दे जिवादादा, म्हैस सापडली की या.” शेवटी एका बाजाराला तू उभा राहिलास, टोपी हातात, आणि बोललास सोंगावर. होळीनंतर बोहाडा बसतो, मुखवटे घालून देवादैत्यांची सोंगं नाचतात, तेव्हा कोणत्या घराकडे कोणतं सोंग ते ठरलेलं असतं, आपल्या घराकडे त्राटिकेचं, तुझ्या आज्यापासून. लाकडाचा मुखवटा वर्षभर चुलीवरच्या माळ्यावर फडक्यात, म्हणजे धुराने त्याला कीड लागत नाही. बाईमाणसाने हात लावायचा नाही. मग तू आपल्या पाड्याची रीत सांगितलीस. “सोंग दारावरून गेला का घरात कोणी रहायचा नाय. म्हातारी असो, बाळंतीण असो, ताप भरलेला असो, उचलून आणायचा. चूल तशीच, दार उघडाच. सोंग जाऊन बसत नाय तोवर मागे मागे चालायचा, नि वळून बघायचा नाय.” कोणीतरी विचारलं, असं का हो काका? तू डोकं खाजवलंस. “ता म्हाताऱ्यांना ठाव. आमाला चालायचा ठाव.” ढवळूची जीप भरली होती, पण ढवळू स्टेअरिंग सोडून शेडच्या दारात येऊन उभा. हॉर्न वाजवणाराच ऐकत बसला, वाजवणार कोण? जीप भरूनही तशीच उभी राहिली असा तो एकच दिवस. त्या दिवशी मला तू माझा बाप असल्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा परत वाटला नाही, आणि मी तुला ते सांगितलंही नाही.

जीपमध्ये आता तांदळाची पोती चढवतायत. लवकर लिहिते.

पाण्याबद्दल. मला ते पाणी नकोय असं तुला वाटतं, म्हणून तू चिडतोस. बा, मला आयच्या डोक्यावरचा तो टाळूचा गोल माहितीये, हंडा ठेवून ठेवून केस गेलेला. उन्हाळ्यात दरीतल्या डबक्याशी बसून ती वाटीवाटीने हंडा भरायची, आणि मी तिच्या मागे नंबर लावून. गेल्या भादव्यात आपल्या घरामागे, डोंगराच्या पायाशी, जिथे कधी ओलसुद्धा नव्हती तिथे पाणी फुटलं. तू धोतर वर खोचून आख्ख्या पाड्यात ओरडत फिरलास, “पानी आला, पानी आला!” देवजी भगताने नारळ फोडला, म्हणाला पाण्याची देवी आसरा आली, जिवाच्या दारी आली. तू दगड रचून कुंडी केलीस. ते पाणी होळीला आटलं नाही, चैत्रात आटलं नाही. दिवाळीनंतर पाडा भिवंडीला वीटभट्टीवर जातो, गेल्या वर्षी निम्मा गेलाच नाही. आपण गेलो नाही. तू मोगरा लावलास. माणसं तुला पाणीवाला जिवा म्हणायला लागली. आयुष्यभर दुसऱ्याच्या भट्टीवर ‘ए’ म्हणून हाक मारलेल्या माणसाला नाव मिळालं. त्या पाण्याविरुद्ध बोलायला मला हौस आहे का?

आता वैशाखातला तो बाजार आठव. नाशिकहून प्राजक्ता आली होती, ती खडकांचा अभ्यास करणारी, स्टीलच्या ताटात स्पंज आणि माती घेऊन. विषय होता, डोंगरात पाणी कसं चालतं. तिने स्पंजवर तांब्या ओतला, पाणी आत शिरलं, खालच्या दगडाशी अडलं आणि ताटाच्या कडेने बाहेर आलं. ती म्हणाली, असं एखाद्या ठिकाणी अचानक नवं पाणी फुटलं तर समजायचं, डोंगराच्या पोटात पाणी भरलंय. तू उभाच राहिलास. “आमच्यात फुटलाय ना! माझ्याच दारी!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात हॉर्न. तू हसत हसत पळालास, जीपमध्येही सगळ्यांना सांगत गेलास की आता मॅडमनेच सांगितलाय, पोट भरलाय, पाणी पिढ्यानपिढ्या पुरेल.

मी मागे राहिले, सतरंज्या उचलायच्या होत्या म्हणून. दुसऱ्या गाडीची माणसं अजून बसलेली, म्हणून ती बोलत राहिली. तिने त्याच ताटात पुन्हा पाणी ओतलं, ओतत राहिली, आणि ताट जरासं तिरकं केलं. माती कडेने घसरली नाही बा. आख्खी एकदम निघाली. तिने वर काड्यापेट्यांची घरं ठेवली होती, ती मातीवर बसून खाली आली, जशी काय जीपमध्ये बसून आली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग तिने खुणा सांगितल्या. नवं पाणी, ही पहिली. पाणी लाल होणं. दारं न लागणं. झाडं, खांब कलणं. वरती भेग. आणि सगळ्यात वाईट, पाऊस चालू असताना वाहतं पाणी एकाएकी थांबणं, म्हणजे आत वाट बुजली आणि पाणी पोटात कोंडायला लागलं. मग ती इकडे तिकडे बघायला लागली. म्हणाली, “ते काका कुठे गेले? कोणत्या गावचे ते?” मी म्हटलं, माझे वडील. तिचा चेहरा मी अजून विसरले नाही.

तू अर्धं ऐकलंस, मी अर्धं ऐकलं. तुझ्या वाट्याला पाणी आलं, माझ्या वाट्याला भीती. मी त्याच दिवशी घरी येऊन सांगायला हवं होतं म्हणशील, तर सांगितलं होतं. तू कुंडीतलं पाणी ओंजळीत धरून माझ्या तोंडासमोर आणलंस, म्हणालास, “पी. आता सांग, कुठाय भीती?” पाणी गोड होतं. मी प्यायले.

मग पाऊस लागला. आषाढात पाणी लाल झालं, तू म्हणालास पावसाळ्यात सगळीच पाणी लाल. मग मागचं दार लागेना. तू चौकट तासलीस. पुन्हा लागेना, पुन्हा तासलीस. तासून तासून दाराची फळी उंदराने खाल्ल्यासारखी झाली, पण दार फुगत नाहीये, घर वाकतंय, हे तू बोलू देईनास. घरामागचं ऐनाचं झाड डोंगराकडे पाठ करून ओणवं झालं. विजेच्या खांबाची तार सैल पडली. मी शेरडं घेऊन वर गेले होते तेव्हा गवतात माझा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. गवत बाजूला केलं तर भेग, आडवी, डोंगराच्या कपाळावर आठी पडावी तशी, लांबच लांब. आतून गार वारा येत होता. मी तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या आणि मध्ये सुतळी बांधली, सैलच. तुला वर यायला सांगितलं. तू आलास, बघितलंस, म्हणालास खेकड्याची बिळं असतात. बा, खेकडे आडवे चालतात, पण एवढे नाही.

परवा सुतळी ताणलेली होती. काल तुटलेली होती. आणि काल, कौलं फुटतील असा पाऊस पडत असताना, कुंडीत पडणारी धार थांबली. आय हंडा लावून बसली होती, तिनेच पहिल्यांदा ऐकलं. म्हणजे ऐकू येईनासं झालं ते ऐकलं. ती हंडा अर्धा तसाच उचलून आत आली. त्यानंतर तू जे बोललास ते मी लिहिणार नाही. देवजी म्हणाला, पोरीने आसराला दृष्ट लावली. तू त्याला गप्प केलं नाहीस. सकाळी उठून बाजाराला निघालास, आसराला चोळी-बांगडी, नारळ, कोंबडा आणायला. पाणी परत यावं म्हणून. आणि मी फाट्यापर्यंत तुझ्यामागे धावत, ओरडत, की बा, पाणी परत येईल, पण एकटं नाही येणार.

काल संध्याकाळी शाळेजवळ, जिथे रेंज मिळते तिथून, मी प्राजक्ताला भेगेचे फोटो पाठवले आणि फोन केला. तिने सुतळी कधी तुटली, धार कधी थांबली ते विचारलं. मग म्हणाली, “राही, फोटोवरून मी छातीठोक सांगणार नाही. पण आधी बाहेर पडा, मग मला खोटं ठरवा.” रंजना बाईंनी तालुक्याला कळवलंय. तिथली माणसं मोखाड्याकडच्या एका वाडीत लोकांना हलवतायत, संध्याकाळपर्यंत इकडे पोहोचतो म्हणालेत. संध्याकाळ, बा. आत्ता दुपारसुद्धा झालेली नाही. मी घरोघरी जाऊन आले. काळ्या म्हणाला, “जिवाकाका हलू दे, मग बघू.” त्याची म्हातारी म्हणाली, ज्याच्या दारी पाणी तोच बसलाय, मग आपल्याला काय धाड भरलीये? बाकी सगळ्यांचं तेच. तू हलल्याशिवाय पाडा हलणार नाही, आणि तू हलणार नाहीस, कारण पाडा तुझ्या पाण्यावर बसलाय. तू मला एकदा सांगितलं होतंस, वावर-वांगणीकडे कुपोषणाने पोरं गेली तेव्हाही गाड्या भरभरून शहाणी माणसं आली, फोटो काढून गेली, तेव्हापासून बाहेरच्याच्या बोलण्यावर पाडा लगेच उठत नाही. ते मला कळतं. पण मी बाहेरची कधी झाले?

हे पण लिहून टाकते. मला खोटी पडायचीही भीती वाटते. समजा डोंगर तिथेच राहिला. समजा श्रावण सरला, भादवा सरला, काही झालं नाही. मग मी जन्मभर या पाड्याची वेडी राही. पोरं ओरडतील, आला आला, राहीचा डोंगर आला. तासभराच्या शिक्षणावर कोणी घरदार हलवतं का, हे मी स्वतःला काल रात्रभर विचारलं, भिंतीला हात लावून, चपला घालून झोपून. पण मग मला वाटलं, नागाच्या दिवशी तू तासभरच ऐकलं होतंस, आणि देवजीच्या नातवाला साप चावला तेव्हा तू देवजीला मंत्राला बसू दिलं नाहीस, पोराला सरळ ढवळूच्या जीपमध्ये घातलंस. पोरगा शाळेत जातोय. तेव्हा तू विचारलं नाहीस की मला किती कळतं. भीती वाटली आणि तू उठलास.

आय इथे आहे. शेजारची हर्षदा वहिनी आणि तिचं तान्हंही. तू गेल्यावर थोड्या वेळाने आयने लेकराला फडक्यात बांधलं आणि वहिनीला म्हणाली, चल. मी विचारलं, तुला पटलं माझं? तर म्हणाली, “मला डोंगराचा काय कळत नाय. दार लागत नाय त्याचा कळतो.” ती वर्गात बसलीये, भिंतीवरच्या अक्षरांकडे बघत. आख्ख्या पाड्यातून एवढीच माणसं वर आली. बाकी सगळी खाली. दोन बाळंतिणी खाली. काळ्याची म्हातारी खाली, तिला तर चालताही येत नाही. आणि आत्ता, हे लिहिताना, ओहोळाचं पाणी मला मघापेक्षा कमी वाटतंय. कदाचित उघाडीमुळे. कदाचित.

जीप भरत आली. टपावर दोघं चढलेत, ढवळू बिडी विझवतोय. तर आता सांगते हा कागद कशासाठी. माझ्या मांडीवर फडक्यात त्राटिका आहे. मी नाही काढली, आयने काढली. चुलीवर चढली, माळ्यावर हात घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुझा बा इथे नाय. सोंग त हाय.” मी दोन तास ऐकले बा, एक प्राजक्ताचा आणि एक तुझा, आणि पाड्याला उठवायला तिचा नाही, तुझाच कामाला येणार आहे. मी आता ओहोळ ओलांडून खाली जाणार, आपल्या आटलेल्या कुंडीशी मुखवटा चढवणार आणि प्रत्येक दारावरून शाळेपर्यंत चालत येणार. काळ्याला संबळ काढून ठेवायला सांगितलंय, त्याला वाटतंय पाण्यासाठी काही मागणं आहे. दिवसा, श्रावणात, बाईने घातलेलं सोंग. काही जण रीत म्हणून निघतील, काही जण मला मारायला धावतील. कशानेही निघू देत, घरात कोणी राहता कामा नये. म्हातारीला उचलून आणतील, बाळंतिणींना आणतील, दारं उघडी टाकतील. ही रीत कोणी, कशापासून वाचायला घातली होती ते कोणाला आठवत नाही, पण पायांना आठवेल. तुझी परवानगी मागायला लिहितेय, आणि तू हो-नाही म्हणायच्या आत निघतेय. तू जीपमधून फाट्यावरच उतर. खाली जाऊ नकोस, घरात आता तुझं काही नाही. सोंग घराबाहेर पडलंय, आणि सोंग दारावरून गेलं की घरात कोणी राहत नाही, सोंगवालाही नाही, हे तूच शेडमध्ये टोपी हातात धरून सांगितलंयस. ये आणि मला शाळेच्या पटांगणात सगळ्यांसमोर मार. मी तिथे नसले, तर मुखवटा कोणाच्या तोंडावर होता ते लोकांकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळलेलं बरं. खूप भीती वाटतेय रे बा. लाकूड आतून किती काळं असतं, आणि तुझ्या घामाचा वास अजून आहे त्याला. आज माझ्या गोष्टीला शेपूट असेल बघ, आख्खा पाडा. ढवळूने हॉर्न दिला. जाते.

तुझीच,
राही